केस नाहीत म्हणून दमा बरा होत नसतो

‘केस नाही, अ‍ॅलर्जी नाही, कटकट नाही’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. वर चायनीज क्रेस्टेड या बिनकेसांच्या कुत्र्यांच्या जातीतल्या पिल्लाचा फोटो: उघडं अंग, डोक्यावर तुरा, पायांत केसांचे मोजे. खाली मुद्द्यांची यादी, आणि शेवटी ‘आजच बुक करा’. इतके दिवस मी तो न वाचता पुढे जात होते. पण परवा तो धाकट्या बहिणीने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, ओमसाठी हेच घेऊ ना? अ‍ॅडव्हान्स पाठवायचाय.’

ओमला, म्हणजे माझ्या भाच्याला, दमा आहे. रोजचा पंप चालू आहे. आमच्या घरी आला की अर्ध्या तासात त्याला शिंका सुरू होतात, कारण आमच्याकडे कुत्री आहे. बहिणीचं म्हणणं, ‘तुमची केसाळ आहे म्हणून.’ मेसेजने तिला हेच पटवलंय. तर आता एकेक मुद्दा घेते.

पहिलाच मुद्दा जसाच्या तसा देते: ‘या कुत्र्याला केस नसल्याने अ‍ॅलर्जी होतच नाही. उलट त्याच्या अंगातली विशेष उष्णता दमा ओढून घेते. मुलाला रोज रात्री कुशीत घेऊन झोपवा, सहा महिन्यांत पंप सुटेल.’

हे लिहिणाऱ्याला दम्याचा झटका आलेलं मूल कधी बघायला मिळालेलं नसावं. आधी उष्णतेचं बघू. मेक्सिकोतल्या बिनकेसांच्या शोलो कुत्र्यांबद्दल अशी समजूत जुनी आहे. दुखणाऱ्या सांध्याला ते कुत्रं टेकवून बसायचे. गरम पिशवीने जेवढं बरं वाटतं तेवढं वाटतही असेल. पण त्या कुत्र्याचं तापमान इतर कुत्र्यांइतकंच असतं, ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास. मध्ये केस नाहीत म्हणून हाताला ते जास्त ऊन लागतं, इतकंच. कुठल्याही केसाळ कुत्र्याच्या पोटाला, जिथे केस विरळ असतात तिथे हात लावून बघा, तेवढंच ऊन लागेल. दम्यात श्वासनलिका आतून सुजते आणि आवळते. बाहेरून कुणाचं अंग टेकवून ती सूज उतरत नाही. आणि ‘पंप सुटेल’ या दोन शब्दांवर विसंबून कुणी मुलाचा रोजचा पंप स्वतःच्या मनाने बंद केला, तर पुढचा झटका दवाखान्यातच नेईल. मेसेजमधलं बाकी सगळं खरं असतं तरी एवढ्या एका वाक्यासाठी तो पुसून टाकण्याच्या लायकीचा आहे.

आता केसांचं. कुत्र्याची अ‍ॅलर्जी केसांची नसते. ती काही प्रथिनांची असते, आणि त्यातलं मुख्य प्रथिन, कॅन एफ १, कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेवरून सुटणाऱ्या कोंड्यात असतं. तो कोंडा इतका बारीक असतो की हवेत तरंगत राहतो, चादरीत बसतो, कपड्यांवरून दुसऱ्या खोलीत जातो. बिनकेसांच्या कुत्र्याला त्वचा आहे, जीभ आहे, आणि ते स्वतःला चाटतंही. मग प्रथिन जाईल कुठे?

हा माझा तर्क म्हणून सोडू नका. २०११ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकच कुत्रं असलेली आणि नुकतंच बाळ जन्मलेली १७३ घरं घेतली, बाळाच्या खोलीतल्या जमिनीवरची धूळ गोळा केली आणि तिच्यातलं कॅन एफ १ मोजलं. ‘अ‍ॅलर्जी न करणारी’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या जाती एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे. कोणत्या जातींना ‘अ‍ॅलर्जीमुक्त’ म्हणायचं यावर एकमत नसल्याने त्यांनी ही विभागणी चार वेगवेगळ्या प्रकारे करून पाहिली. चारही वेळा धुळीत फरक सापडला नाही. आता कुणी म्हणेल, त्यात प्रत्येक जातीचे पुरेसे कुत्रे कुठे होते? नव्हते, आणि एकेका जातीबद्दल निकाल देता येणार नाही हे खुद्द संशोधकांनीच मान्य केलंय. पण मग पुरावा देण्याची जबाबदारी ‘आमची जात वेगळी’ म्हणणाऱ्यावर येते, आणि मेसेजमध्ये पुराव्याच्या जागी हात जोडलेले इमोजी आहेत.

यात अर्धसत्य आहे, तेही नाइलाजाने सांगते. बिनकेसांचं कुत्रं सोफ्यावर केस गाळत नाही. त्याला वरचेवर धुता-पुसता येतं, त्यामुळे कोंडा थोडा वेळ कमी होतो. काही लोकांना एखादं विशिष्ट कुत्रं सोसतं आणि त्याच जातीचं दुसरं सोसत नाही, हेही खरं. कॅन एफ ५ नावाचं आणखी एक प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीतून येतं. ज्यांना फक्त त्याचीच अ‍ॅलर्जी असते त्यांना मादी चालू शकते. हे रक्ताच्या तपासणीतून कळतं, फोटोवरून नाही. आणि स्वीडनच्या २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात, जन्माच्या पहिल्या वर्षी घरात कुत्रं असलेल्या मुलांमध्ये पुढे दम्याचं प्रमाण थोडं कमी दिसलं होतं. बहुधा त्याचीच मोडतोड करून हा मेसेज शिजलाय. पण तो अभ्यास दमा होण्याआधीचा, तान्ह्या बाळांचा आणि कुठल्याही कुत्र्याबद्दलचा होता. दमा झालेल्या शाळकरी पोराला रात्री कुत्रं कुशीत देण्याचा सल्ला त्यातून निघत नाही.

दुसरा मुद्दा: ‘आंघोळ नको, ब्रश नको, देखभालीचा खर्च शून्य.’ ब्रश नको हे बरोबर, तुरा आणि शेपटी सोडली तर. बाकी उघडी त्वचा सांभाळणं हे आपलं एक कामच होऊन बसतं. या कुत्र्यांना तरुण पोरांसारखे काळे-पांढरे मुरूम येतात. उन्हात, विशेषतः गुलाबी डागांवर, कातडी भाजते. थंडीत अंगावर कपडा लागतो. फार आंघोळी घातल्या तर कातडी कोरडी पडते, कमी घातल्या तर रंध्रं बुजतात. आणि आपलं सनस्क्रीन त्यांना फासू नका: त्यात अनेकदा झिंक ऑक्साइड असतं, कुत्रं ते चाटतं, आणि ते पोटात जाणं त्याला विषारी ठरतं. कुत्र्यांसाठीचं वेगळं मिळतं. फोटोतल्या त्या तुळतुळीत अंगाचंही एक आहे. बऱ्याच ‘बिनकेसांच्या’ क्रेस्टेडना पाठीवर, पोटावर बऱ्यापैकी केस असतात आणि फोटोआधी ते भादरलेले असतात. तेव्हा पिल्लू घरी आल्यावर त्याला केस फुटले म्हणून लगेच फसवणूक झाली असं समजू नका. पण विकणाऱ्याने हे आधी सांगितलं होतं का, हे मात्र जरूर आठवून बघा.

तिसऱ्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त चिडले, कारण तो माझ्या कुत्रीवरच आहे. ‘आई-बाप दोघंही बिनकेसांचे हवेत. केसाळ पिल्लू निघालं म्हणजे भेसळ. अस्सल ब्रीडरकडे डबल हेअरलेस जीनचं पिल्लू मागा, थोडं महाग पडेल.’

आमची कुत्री पावडरपफ आहे, म्हणजे अंगभर मऊ केस असलेली क्रेस्टेड. तिचे आई-बाप दोघेही बिनकेसांचे. कसं ते सांगते. चायनीज क्रेस्टेड, शोलो आणि पेरूचे बिनकेसांचे कुत्रे या तिघांचंही केस नसणं एकाच जनुकातल्या एकाच बदलामुळे आहे. त्या जनुकाचं नाव फॉक्सआय३, आणि हा शोध २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. या बदलाची एक प्रत मिळाली की कुत्रं बिनकेसांचं होतं. दोन्ही प्रती मिळाल्या तर गर्भ जगतच नाही, आईच्या पोटातच विरून जातो. म्हणजे आज चालतं-फिरतं असलेलं या जातींचं प्रत्येक बिनकेसांचं कुत्रं एकच प्रत घेऊन फिरतंय. ‘डबल हेअरलेस’ पिल्लू जन्मालाच येऊ शकत नाही, आणि मेसेजवाला ते जास्त पैसे घेऊन विकतोय! दोन बिनकेसांच्या आई-बापांची जी पिल्लं जन्मतात त्यांत सरासरी तिघांमागे एक केसाळ निघणारच. ते पावडरपफ त्याच जातीचं, त्याच वंशावळीचं असतं, आणि केनेल क्लबांच्या, म्हणजे जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थांच्या, नोंदीतही दोन्ही प्रकार एकाच जातीत धरतात.

त्यामुळे हा मुद्दा उलटा वापरा. विकणाऱ्याला सहज विचारा, ‘तुमच्याकडे पावडरपफ होतात का?’ ‘आमच्या लाइनमध्ये एकही नाही’ असं छाती फुगवून सांगणाऱ्याला एक तर स्वतःच्या जातीची माहिती नाही, नाहीतर ती पिल्लं कुठे जातात हे त्याला सांगायचं नाही. दोन्ही वाईटच. अपवाद एक: अमेरिकन हेअरलेस टेरियर. ती वेगळीच जात आहे, १९७२ साली लुइझियानात रॅट टेरियरच्या पिल्लांत जन्मलेल्या एका बिनकेसांच्या पिल्लापासून सुरू झालेली. तिथे जनुक वेगळं आहे आणि दोन्ही प्रती लागतात, म्हणून बिनकेसांच्या जोडीला सगळी पिल्लं बिनकेसांचीच होतात. पिल्लं जन्मतात ती बारीक लव घेऊन, आणि ती लव काही आठवड्यांत गळून जाते. फोटोत क्रेस्टेड दाखवून टेरियरचे नियम सांगणारा माणूस दोन्हींपैकी एकाही जातीला ओळखत नाही.

‘सगळे दात असतील तरच पिल्लू निरोगी.’ टेरियरबद्दल चालेल. क्रेस्टेड आणि शोलोत केस नसणं आणि दात कमी असणं एकाच जनुकातून येतं. बऱ्याचदा उपदाढा नसतात, सुळे पुढे झुकलेले असतात. हा आजार नव्हे, पण कटकट आहेच: असलेले दातही लवकर हलतात, आणि भूल देऊन साफ करण्याचा किंवा काढण्याचा खर्च बहुतेकांना कधी ना कधी येतो. पावडरपफच्या तोंडात पूर्ण दात असतात. आमची अजून हाडं फोडते.

‘टीकप साइज, दुर्मिळ.’ टीकप नावाचा आकार कुठल्याही मान्यताप्राप्त केनेल क्लबच्या मानकात नाही. क्रेस्टेड मुळातच टॉय, म्हणजे सगळ्यात लहान आकाराच्या गटातली जात आहे, वजन साडेपाच किलोच्या आत. त्याहून खूप लहान म्हणजे बहुतेकदा पिल्लांतलं सगळ्यात अशक्त पिल्लू, किंवा वय खोटं सांगितलेलं पिल्लू. अशांची रक्तातली साखर एखादं जेवण चुकलं तरी घसरते आणि सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडतात. लहान मुलाच्या घरात तर नकोच.

‘पाचव्या आठवड्यात घ्या, म्हणजे मुलाचा लळा लागतो.’ आठ आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडू नये. टॉय जातींचे चांगले ब्रीडर तर ते दहा-बारा आठवड्यांपर्यंत स्वतःकडे ठेवतात. चावताना किती जोर लावायचा हे पिल्लू याच काळात भावंडांकडून शिकतं. पाच आठवड्यांचं पिल्लू विकायची घाई असणाऱ्याला त्याचा खाण्याचा खर्च वाचवायचा असतो.

ही जात चीनच्या सम्राटांच्या दरबारातली, अशी गोष्टही मेसेजमध्ये आहे. वर सांगितलेलं जनुक मेक्सिको आणि पेरूच्या कुत्र्यांशी नातं दाखवतं. दरबारचं सोडून देऊ.

शेवटचा मुद्दा पैशांचा: ‘फोटो बघून बुक करा, घरपोच मिळेल, सर्टिफिकेट सोबत, म्हणजे आरोग्याची हमी.’ सर्टिफिकेट म्हणजे वंशावळीची नोंद, आणि तीही ब्रीडरने दिलेल्या माहितीवर केलेली. आरोग्याबद्दल ती एक अक्षर सांगत नाही. आरोग्याचे कागद वेगळे असतात, आणि ते पिल्लाच्या आई-बापांचे मागायचे: गुडघ्याच्या वाट्या सरकतात का याची तपासणी, डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला, आणि डीएनए चाचण्या. क्रेस्टेडमध्ये दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा पीआरए आहे, डोळ्यातलं भिंग निखळण्याचा आजार आहे, आणि काही महिन्यांच्या पिल्लाचा तोल जाऊ लागतो असा मेंदूच्या झिजेचाही एक आजार आहे. या तिन्हींसाठी चाचण्या उपलब्ध आहेत. एकाच दोषाचे दोन वाहक एकत्र आणायचे नाहीत, एवढी काळजी घेतली तर हे आजार बऱ्याच अंशी टळतात. ‘आमच्या व्हेटने बघितलंय, सगळं ओके’ हे या कागदांच्या जागी चालत नाही.

आणि अ‍ॅडव्हान्स. पिल्लू आईजवळ, भावंडांसोबत, जिथे वाढलं त्याच जागी बघितल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही. लांब असेल तर आधी लाइव्ह व्हिडिओ कॉल करा, आई दाखवायला सांगा, तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे का ते शोधा. आज बुकिंग, उद्या विमानाची पेटी, परवा विमा असे पैसे मागत गेले तर समजा की पलीकडे पिल्लूच नाही. चांगला ब्रीडर तुम्हालाच आडवे-तिडवे प्रश्न विचारतो, घरी दम्याचं मूल आहे म्हटल्यावर तर पहिला तोच नको म्हणेल, आणि दिलंच तर पुढे कधीही जमलं नाही तरी कुत्रं परत घ्यायचं लिहून देतो.

बहिणीला मी जे लिहिलं ते इथेही देते. आधी ओमच्या डॉक्टरांना विचार आणि अ‍ॅलर्जीची तपासणी करून घे. ते हो म्हणाले, तरच पुढचं. मग पिल्लाचा नाद सोडून मोठं कुत्रं बघ. ब्रीडरकडे निवृत्त झालेल्या माद्या असतात, पुनर्वसनासाठी आलेलीही मिळतात. त्यांचे दात, कातडी, स्वभाव समोर दिसतो. आणि ओमला त्याच कुत्र्याजवळ पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या दिवशी तासन्तास बसवून बघता येतं, पंप खिशात ठेवून. क्रेस्टेड पंधरा वर्षंही सहज जगतं, त्यामुळे दोन-तीन महिने थांबल्याने काही अडत नाही. यातही त्याला शिंका आल्या, तर कुत्रं घ्यायचं नाही, केसाळही नाही आणि बिनकेसांचंही नाही. तिने अजून उत्तर दिलेलं नाही, पण अ‍ॅडव्हान्स थांबवलाय.