आधी वाऱ्याची दिशा बघा

कोंबड्यांचा किंवा डुकरांचा अजस्र कारखाना काढायचा विचार आहे? उत्तम. पहिलं काम, गाव निवडणं. गाव गरीब हवं, तरुण पोरं बाहेर गेलेली हवीत आणि वकील दूर हवा. वारा तुमच्या बंगल्याकडून गावाकडे वाहतो ना, एवढं तपासा. रोजगाराचं आश्वासन ढळढळीत द्या; खाद्य घालायला यंत्रं आहेत, हे नंतर कळू दे.

सगळं स्वतः करायच्या भानगडीत पडू नका. करार करा. पिल्लं तुमची, खाद्य तुमचं, औषधं तुमची. शेतकऱ्याच्या वाट्याला शेड, शेडचं कर्ज, वीजबिल आणि विष्ठा. मेलेले पक्षीही त्याचेच. (जिवंत असेपर्यंत तुमचा, मेला की त्याचा. असा करार लिहिणाऱ्याच्या पाया पडावं!) मग अमेरिकेतल्या कोंबडी कंपन्यांसारखी शेतकऱ्यांची आपसात शर्यत लावा. कमी खाद्यात जास्त वजन भरणाऱ्याला जादा पैसे, मागे पडलेल्याला कपात. पिल्लं मरतुकडी निघाली तर? ती तुम्हीच दिलीत, पण नंबर त्याचा घसरतो. शिवाय कालपर्यंत एकमेकांच्या अडीअडचणीला धावणारे शेजारी आता एकमेकांच्या वजनाचे आकडे मोजत बसतात. संघटना काढायची कुणाला सुचतच नाही.

आता घाण. डुकरं माणसापेक्षा कितीतरी जास्त मैला करतात आणि त्यांना सांडपाण्याचं शुद्धीकरण केंद्र लागत नाही, ही निसर्गाची तुमच्यावर कृपाच. उघडा खड्डा खणा, भरला की शेतावर फवारा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात हेच चालतं. 1999 आणि 2018 च्या चक्रीवादळांत तिथले काही खड्डे पुरात बुडाले आणि मैला थेट पाण्यात गेला. दोष वादळाला द्या. विहिरीत नायट्रेट उतरलं, अमोनियानं पोरांचे डोळे चुरचुरले, तर "शेतीचा वास आहे, शहरी झालात होय!" म्हणा. शेड दाटीवाटीचं ठेवायचं तर प्रतिजैविकं सढळ हातानं द्या. औषधांना न जुमानणारे जंतू गावाच्या दवाखान्यात पोचतील, पण तिथं तुमचा कोण असतो?

एक धोका मात्र आहे: न्यायालय. 2018 मध्ये त्याच राज्यात डुकरांच्या कारखान्याच्या दहा शेजाऱ्यांना ज्युरीनं 5 कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली. घाबरू नका, त्यातल्या दंडाच्या भागावर कायद्याची कमाल मर्यादा होती. रक्कम साडेबत्तीस लाखांवर आली. त्याच वर्षी विधिमंडळानं कायदाही आवळला. आता अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्यानंच दावा लावायचा, तोही कारखाना सुरू झाल्यापासून किंवा त्यात मूलभूत बदल झाल्यापासून एका वर्षात. तेव्हा पहिलं वर्षभर जनावरं थोडकी ठेवा, गटारं धुऊन काढा आणि शेजाऱ्यांना हसून नमस्कार करा.