पुरचुंडी नाक मोकळं करते, ऑक्सिजन देत नाही

सर्दी-खोकल्याचे दिवस आले की तो जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. २०२१च्या एप्रिलमध्ये लोक सिलिंडरसाठी वणवण करत होते, तेव्हा तो घराघरांत पोचला होता. मजकूर थोडक्यात असा: कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरी तेलाचे थेंब फडक्यात बांधा, दिवसभर हुंगत राहा, ऑक्सिजनची पातळी वाढते. लडाखमध्ये पर्यटकांना हीच पोटली देतात आणि आता अँब्युलन्समध्येही ठेवतात, असंही त्यात असतं.

पहिला मुद्दा, ‘हुंगलं की श्वास मोकळा होतो.’ वाटतो मोकळा, यात वाद नाही. पण कापूर, निलगिरी, मेंथॉल ही मंडळी नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतात आणि मेंदूची समजूत होते की हवा भरपूर येतेय. या तिन्हींच्या वाफा हुंगायला देऊन नाकातला अडथळा मोजून झालाय. लोक म्हणाले मोकळं वाटतंय. अडथळा होता तेवढाच होता.

‘ऑक्सिजन वाढतो’ हा खरा दावा. तो वाढायचा तर कुठे? नाकात नाही. श्वासनलिका छातीत उतरते, तिला दोन फाटे फुटतात, त्यांना पुन्हा दोन-दोन, असं साधारण तेवीस वेळा होतं आणि शेवटी वायुकोश येतात, एकूण तीस-चाळीस कोटी तरी. त्यांची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. ती ओलांडून ऑक्सिजन पलीकडच्या केशवाहिनीत उतरतो आणि हिमोग्लोबिनला चिकटतो. धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन आधीच ९५ ते १०० टक्के भरलेलं असतं. भरल्या रांजणात आणखी काय ओतणार? आणि न्यूमोनियात वायुकोशांतच पाणी आणि पेशींचा चिखल साचतो. हवा तिथवर पोचत नाही, शेजारून जाणारं रक्त रिकामंच पुढे जातं. लवंगेच्या वासानं तो चिखल उपसला जात नाही.

‘पण मशीनवर आकडा वाढलेला दिसला!’ हे मला माझ्या आत्यानंच ऐकवलं. “अरे, डोळ्यांदेखत त्र्याण्णवचं शहाण्णव झालं.” झालंही असेल. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवतो आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो किती शोषला जातो ते बघतो. १९७०च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांना सुचलेली ही युक्ती. बोट गार असेल, नखाला गडद नेलपॉलिश असेल, हात हलत असेल, तर ती फसते. आत्या भांडी घासून आली होती, बोटं गारठलेली. मग पदराला हात पुसून, खुर्चीत टेकून, पुरचुंडी नाकाशी धरून तिनं चांगले दहा दीर्घ श्वास घेतले. दुसऱ्या दिवशी मी तिला तेच सगळं पुरचुंडीशिवाय करायला लावलं. शहाण्णव. “मशीन बिघडलंय तुझं,” असा निकाल लागला.

लडाखचं म्हणाल तर लेहच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, मुंबईत असतो तितकाच. गाव साडेतीन हजार मीटरवर आहे म्हणून हवेचा दाब मुंबईच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास उतरतो आणि ऑक्सिजन रक्तात ढकलणारा जोर कमी पडतो. कापूर हुंगून दाब वाढत नाही. तिथे पोचल्यावर एक-दोन दिवस आराम करायचा, त्रास वाढला तर ऑक्सिजन लावून खाली उतरायचं. कुणी पर्यटकांच्या हाती पोटल्या देतही असेल. देतात म्हणून त्या लागू पडतात असं नाही. अँब्युलन्सचंही तेच. पातळी घसरलेल्या रुग्णाला तिथे लावतात तो सिलिंडर.

आत्याची पुरचुंडी मी काढून घेतली नाही; मोठ्या माणसाला नुसता वास बरा वाटत असेल तर वाटू दे, पातळी खरंच घसरत असताना तिच्या भरवशावर घरी बसू नये एवढंच. पण तीच पुरचुंडी तिनं नातवाच्या पाळण्याला बांधली, तेव्हा मात्र मी सोडून आणली. कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर थोडासाही झटके आणू शकतो, आणि हाताला लागेल ते तोंडात घालायचं हेच त्याचं वय. अमेरिकेत अंगाला चोळायच्या मलमातसुद्धा कापूर ११ टक्क्यांहून जास्त चालत नाही. पुरचुंडीतल्या वड्या तर निव्वळ कापराच्या होत्या.