पोट्टे रोडवर पळवा म्हणे

मैदान उखडलं राजेहो. शाळेचं मैदान. दिवाळीपासून फौजेच्या भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांनी दगड वेचले, काटे काढले, स्वतःच्या खिशातून फक्की आणून ट्रॅक आखला. परवा त्याच ट्रॅकवर मंडपवाल्यानं पहारीनं खड्डे खणून बल्ल्या रोवल्या. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून जेसीबी बोलावला आणि एका बाजूची पाळ फोडली. साहेबांच्या गाड्या स्टेजपर्यंत यायला पाहिजेत ना! चालत आले असते तर धोतराला माती लागली असती.

कार्यक्रम कशाचा, तर सैनिक सन्मान सोहळा.

पहाटे पाचला पोट्टे आले आणि अंधारात एकाचा पाय गेला खड्ड्यात. घोटा असा सुजला की बूट काढता येईना. मी मंडपवाल्याला म्हटलं, बावा, चार हात बाजूनं रोवल्या असत्या बल्ल्या तर काय बिघडलं असतं? त्यानं खर्रा या गालातून त्या गालात घेतला आणि म्हणाला, "काका, पोट्टे रोडवर पळवा ना. चांगला डांबराचा हाय."

रोड! वणीच्या भागातला रोड! कोळशाचे हायवा ट्रक रात्रभर थांबत नाहीत, कडेची झाडं काळी पडलीत, आणि हा म्हणतो पोट्टे पळवा. कालपासून पळतायत तिथंच, दुसरं काय करणार. परत आल्यावर चूळ भरतात तर पाणी काळं पडतं. त्यातल्या त्यात एकच हायवावाला लाईट डिम करून बाजूनं जातो. तो आमच्याच मैदानावरचा. भरतीत मैदानी पास, मेडिकल पास, लेखीची वाट बघत बसला होता. करोनात भरती थांबली ती थांबलीच, 2022च्या जूनमध्ये चार वर्षांच्या नोकरीचं अग्निपथ आलं आणि याची अर्धी झालेली भरती गेली केरात. वय निघून गेलं. आता कोळसा वाहतो.

आणि भरतीचे नियम बघा. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारले तर 60 गुण. पाच एकतीस झाले की 48. एका सेकंदाचे 12 गुण! मागं राहिला की अडवायला दोर आडवा येतो, मग तुझ्या बापानं वावर विकून अकादमीची फी भरली असली तरी घरी जा. मला हे मान्य आहे. मीच मोबाईलवर स्टॉपवॉच लावून उभा असतो, मीच ओरडतो, "लेका, फौजेत सेकंदाचा हिशोब असते!"

मग संध्याकाळी साहेब माईकवर येतात आणि सांगतात, "संरक्षण सिद्धतेवर सरकारचं बारीक लक्ष आहे."

बारीक लक्ष. माझं डोकं तिथंच फिरलं.

83 तेजस लढाऊ विमानांचा करार 2021च्या फेब्रुवारीत सरकारी कंपनी एचएएलशी झाला. विमानं 2024च्या मार्चपासून यायची होती. 2025च्या सप्टेंबरात जुन्या मिग-21 विमानांना निरोप दिला तेव्हा त्यातलं एकही हवाई दलाच्या हातात नव्हतं. लढाऊ विमानांच्या 42 स्क्वॉड्रन, म्हणजे तुकड्या, मंजूर, उरल्या 29. तर निरोपाच्या आदल्या दिवशी काय केलं? त्याच कंपनीला आणखी 97 विमानांची ऑर्डर दिली, 62,370 कोटींची! इंजिनं अमेरिकेतून वेळेवर आली नाहीत हे कारण मलाही माहीत आहे. आमच्या पोट्ट्याची बस वेळेवर आली नाही तर दोर थांबतो का? हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी भर सभेत सांगितलं की एकही प्रकल्प वेळेत पूर्ण झालेला आपल्याला आठवत नाही. प्रमुखच असं बोलतात, तर बारीक लक्ष नेमकं कोणाचं आहे?

बुलेटप्रूफ जॅकेटं घ्या. 1,86,138 जॅकेटांची खरेदी 2009 मध्ये मंजूर, करार 2018 मध्ये. नऊ वर्षं छातीनं थांबायचं. तोफांचं तर विचारूच नका. बोफोर्सचा करार 1986चा, त्यानंतर नवी तोफ देवळालीत उभी राहिली 2018च्या नोव्हेंबरात. अधल्यामधल्या काळात एक अख्खी पिढी भरती होऊन पेन्शनीवर आली. बातमी मात्र दर दोन महिन्यांनी येते की इतक्या हजार कोटींच्या खरेदीची 'आवश्यकता मान्य'. टीव्हीवाले असे नाचतात जणू रणगाडा फाटकात येऊन उभा राहिला. अहो, आवश्यकता मान्य झाली, टेंडर तरी निघू द्या!

आणि प्रशिक्षण. 2016 ते 2021 दरवर्षी 222 शिकाऊ वैमानिक घ्यायचे ठरवलं होतं. तेवढे घेतलेच नाहीत. 2015 मध्ये 486 वैमानिक कमी होते, 2021 अखेर 596 कमी. हे मी नाही म्हणत, सरकारी खर्चाचा हिशोब तपासणारं कॅग म्हणतं. उद्दिष्ट स्वतःच ठरवायचं, स्वतःच चुकवायचं, आणि दोर कोणासाठीच आडवा येत नाही.

हे सगळं मी काल दुकानात एका गिऱ्हाइकाला सांगत होतो. तो बिचारा पाव किलो साखरेला आला होता. आतून आवाज आला, "दोन वर्षांची उधारी वसूल होत नाई अन् हे संरक्षण खात्याची वसुली करून राह्यले!" गिऱ्हाईक हसलं. उधारी त्याचीच होती. आणि ज्याच्यावर मी एवढा तापलो तो मंडपवालाही सकाळी येऊन बसला, चहा पिऊन गेला. मंडप अजून उभाच आहे, कारण त्याला पैसे मिळाले नाहीत. म्हणतो फाईल वर गेली आहे. आता याच्यावर तरी कोणत्या तोंडानं रागवायचं?

पण साहेबांवरचा राग काही उतरत नाही. म्हणे विदर्भ दारूगोळ्याचं केंद्र आहे. आहेच! भद्रावतीची फॅक्टरी आम्हाला जवळ, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची आहे, पुलगावचा डेपो आहे. मग जवाहरनगरला 24 जानेवारी 2025 रोजी स्फोटात आठ कामगार गेले, पुलगावला 30-31 मे 2016च्या मध्यरात्री आग विझवायला धावलेले गेले, त्यांचं नाव का नाही निघालं भाषणात? स्टेजवर शाल-श्रीफळ घ्यायला बसवलेल्या आमच्या हवालदार काकांचं आडनाव तरी कुठं नीट घेतलं! काका सियाचीनला राहून आलेले. त्यांना मी कॅगचा तो अहवाल वाचून दाखवला होता. बर्फातल्या चष्म्यांचा तुटवडा 62 ते 98 टक्के, नवे बूट आले नाहीत म्हणून जुनेच पुन्हा वापरले. काका एवढंच म्हणाले, "बूट ओला असला की बोट जाते." आणि यांनी दिली काय, तर गळ्यात गुंडाळायला पॉलिस्टरची शाल.

बरं, लक्ष ठेवणारं कोणीच नाही असंही नाही. संसदेची संरक्षण समिती आहे. तिचे तेव्हाचे अध्यक्ष खंडुरी, सत्ताधारी पक्षाचेच आणि निवृत्त मेजर जनरल. त्यांच्या समितीनं 2018 मध्ये लिहून दिलं की लष्कराची 68 टक्के साधनं जुनाट आहेत. त्याच वर्षी अध्यक्ष बदलले. साधनं तीच राहिली.

सगळ्यात वरताण म्हणजे ते संरक्षण विद्यापीठ. कारगिलनंतरची शिफारस, 2010 मध्ये मंजुरी, 2013 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी. 395 कोटींचं काम कॅगनं 2020 मध्ये सांगितलं तोवर 4,007 कोटींवर गेलं होतं, आणि विद्यापीठाचा पत्ता नाही. गुरुग्रामजवळ बिनोल्याला 200 एकरांच्या वर जागा घेऊन ठेवली आहे म्हणे. एवढी सपाट जागा! तिथं अजून कोणी मंडप टाकला नसेल तर सांगा, पोट्टे घेऊन मी रेल्वेनं निघतो.