कप म्हणजे नेमका किती, हे एकदाचे लिहा!

चतुर्थीच्या दिवशी गुहागरच्या आमच्या घरात एकवीस मोदकांच्या उकडीऐवजी पातेलेभर खळ तयार झाली आणि त्याचा दोष मी माझ्या हाताला मुळीच देणार नाही. मोबाइलवर सापडलेल्या पाककृतीत लिहिले होते, ‘दोन कप तांदळाची पिठी आणि ५०० मिलिलिटर पाणी’. पिठी कपाने आणि पाणी मिलिलिटरने मोजायला लावण्याची ही अवदसा कोणाला आठवली? घरात कप म्हणण्यासारखे माप एकच होते, राइस कुकरबरोबर आलेले, आणि ते असते १८० मिलिलिटरचे. म्हणजे पिठी ३६० आणि पाणी ५००! त्यातून उकड कसली निघणार, कपाळ?

नंतर संतापाने शोधत बसले, तेव्हा कळले की अमेरिकेतला कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, त्याच देशात वेष्टनावरच्या पोषणमूल्यांसाठी तो २४०चा, ऑस्ट्रेलियात २५०चा आणि जपानात स्वयंपाकाचा २००चा, तर तांदळाचा १८०चा. ऑस्ट्रेलियात मोठा चमचासुद्धा २० मिलिलिटरचा, अमेरिकेत १५चा. मोबाइलला विचारावे तर तो शहाणा सांगतो, ५०० मिलिलिटर म्हणजे २.११ कप. त्यातला तो ०.११ कप मी कशाने मोजायचा? हिशेब केला, तर ते निघाले जेमतेम पावणेदोन मोठे चमचे, तेही चमचा अमेरिकेचा असेल तर.

पूर्वी आपल्याकडेही शेर गावोगावी वेगळा भरत असे, हे मान्य आहे. पण तो घोळ मिटावा म्हणूनच १९५८पासून देशात दशमान मापे लागू होऊ लागली ना? मग मिलिलिटर हाताशी असताना हा निनावी कप पुन्हा आमच्या चुलीपाशी कशाला आणून ठेवता?

सासूबाई एवढेच म्हणाल्या, “अगो, ज्या फुलपात्राने पिठी घेतलीस, त्याच फुलपात्राने पाणी घ्यायचे होतेस.” त्यांचे फुलपात्र किती मिलिलिटरचे आहे, हे त्यांना कधी विचारावेच लागले नाही, कारण दोन्ही जिन्नस एकाच मापाने घेतले की ते लहान असो वा मोठे, प्रमाण चुकत नाही. पाककृती लिहिणाऱ्यांनी एक तर सगळे मिलिलिटरमध्ये लिहावे, नाहीतर सगळे कपात. आणि दोन्ही लिहायची हौसच असेल, तर कप कितीचा, तो आकडा लिहायला यांची शाई आटते की काय?

खळीत आणखी पिठी मळून रात्री भाकऱ्या थापल्या. गणपतीला नैवेद्य मात्र नुसत्या सारणाचा दाखवावा लागला.