'डी ब्राक'च्या खजिन्याचं फॉरवर्ड: एकेक दावा तपासून बघू

गेले काही दिवस एकच पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतेय. 'डी ब्राक' नावाची डच युद्धनौका ब्रिटिशांनी लढाईत जिंकली, तिच्यात स्पॅनिश सोनं ठासून भरलं, त्या वजनानेच 1798 मध्ये ती अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ बुडाली आणि पन्नास कोटी डॉलरचा खजिना अजून तिथंच पडलाय, असं त्यात आहे. मला जुन्या जहाजांचं वेड आहे आणि ही पोस्ट वाचून खरंच त्रास झाला, कारण याच खजिन्याच्या गोष्टीपायी त्या जहाजाची नंतर पार वाट लावली गेली.

पहिलं म्हणजे लढाई. लढाई झालीच नाही हो. 1795 च्या जानेवारीत फ्रेंच फौजा हॉलंडमध्ये घुसल्या, तिथला राज्यकर्ता पळून इंग्लंडला गेला, आणि बाटाव्हियाकडे (आजचं जकार्ता) निघालेल्या व्यापारी जहाजांना सोबत करणारं हे जहाज तेव्हा इंग्लंडच्या फालमथ बंदरात आलेलं. कालपर्यंत दोस्त असलेला देश एका रात्रीत शत्रूच्या गोटात गेला, म्हणून ब्रिटिशांनी ते बंदरातच अडवलं आणि पुढे ताब्यात घेतलं.

मग वजनाने बुडालं का? तेही नाही. मूळ जहाज एका डोलकाठीचं, कटर म्हणतात तसं छोटं. ब्रिटिशांनी त्याला दोन डोलकाठ्या चढवल्या, त्याचं ब्रिग केलं आणि वर 24 पौंडी गोळा फेकणाऱ्या 16 आखूड तोफा बसवल्या. 25 मे 1798 ला अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या केप हेनलोपन या भूशिराजवळ स्थानिक वाटाड्या जहाजावर चढलेला, किनारा डोळ्यांसमोर, आणि अचानक वाऱ्याचा जोरदार झोत आला, जहाज आडवं झालं ते पुन्हा उठलंच नाही. जाणकार बोट ठेवतात ते या डोलकाठ्यांच्या आणि शिडांच्या भारावर, सोन्याच्या नाही. कॅप्टन जेम्स ड्रू आणि त्याची चाळीसहून जास्त माणसं गेली, शिवाय वाटेत पकडलेल्या एका जहाजावरचे कैदेतले स्पॅनिश खलाशी. पोस्टमध्ये यांच्याबद्दल एक ओळ नाही!

आता ते सोनं. याला थोडासा आधार आहे म्हणूनच लोक फसतात. ड्रूने वाटेत खरंच एक स्पॅनिश जहाज पकडलेलं, 'डॉन फ्रान्सिस्को झेवियर', किंमत 1,60,000 पौंडांच्या घरात. पण त्यातला मुख्य माल होता तांबं आणि कोको, आणि तो माल त्या स्पॅनिश जहाजातच होता, ते जहाज काही बुडालं नाही. पुढे ब्रिटिश नौदलाने बुडालेलं ब्राक वर काढायचा प्रयत्न केला, तर लोकांनी लगेच ठरवलं की एवढी धडपड चाललीय म्हणजे आत घबाड असणार. तिथून गोष्ट फुगत गेली ती जवळपास दोनशे वर्षं.

आणि शेवटचा दावा, 'अजून तिथंच आहे', हा तर सगळ्यात वाईट, कारण तिथं जे होतं ते काढून झालंय. 1984 मध्ये खजिना शोधणाऱ्या एका कंपनीला आवाजाच्या लहरींनी समुद्रतळ तपासणाऱ्या 'सोनार' यंत्रावर ते सापडलं. 11 ऑगस्ट 1986 ला सांगाडा वर काढला, पण कसा? खाली नीट आधाराचा पाळणाच नाही, नुसते केबल घालून क्रेनने ओढला. सांगाडा तिरका झाला आणि त्यातला गाळ, गाळात 188 वर्षं जशाच्या तशा राहिलेल्या वस्तू, सगळं पुन्हा समुद्रात ओतलं गेलं. कुठली वस्तू कुणाच्या कोपऱ्यात होती, कोण कुठे झोपायचं, कोण काय खायचं, हे आता कधीच कळणार नाही. त्यानंतर मोठ्या जबड्याच्या बकेटने तळ उपसला, फक्त नाण्यांसाठी. मिळाली किती? साडेसहाशेच्या आसपास. ज्यांनी पैसे घातले त्यांचेही बुडाले.

त्यातून वाचलं ते मात्र बघण्यासारखं आहे, सुमारे 26,000 वस्तू, खलाशांचे बूट, कपडे, बाटल्या, भांडी. एक सोन्याची अंगठी आहे, जेम्स ड्रूची, त्याचा भाऊ जॉन याच्या आठवणीत केलेली. जॉन हासुद्धा नौदलात कॅप्टन, त्याच वर्षी जानेवारीत बुडून गेलेला, आणि चार महिन्यांत ती अंगठी जेम्सबरोबर तळाशी गेली.

हा सगळा प्रकार बघूनच अमेरिकेत बुडालेल्या जहाजांच्या संरक्षणासाठी 1987 चा कायदा आणायला जोर मिळाला. उरलेला सांगाडा आजही डेलावेअरमध्ये पाण्याचे फवारे मारून ओला ठेवावा लागतो, वाळला तर लाकूड तडकेल. जेम्स ड्रू ल्यूइस गावात सेंट पीटर्स चर्चच्या आवारात पुरलाय. पोस्ट डिलीट करायची नसेल तर निदान पन्नास कोटी डॉलरचा तो आकडा खोडा आणि तिथं साडेसहाशे नाणी लिहा.