सागवान बदलतं, लॅमिनेट नाही

एका खोलीत लाकडाच्या दोनपेक्षा जास्त छटा नकोत, हा तुमच्या घरसजावटीच्या लेखातला नियम नव्या फ्लॅटला ठीक. आमच्या साताऱ्याच्या घरात आजेसासूबाईंचं शिसवी कपाट, सागवानी झोपाळा आणि मुलाने ऑनलाइन मागवलेलं पाइनचं टेबल एकाच खोलीत नांदतं. मोजत बसले तर काहीतरी विकावं लागेल, आणि ते होणे नाही!

माझ्या मते छटा मोजण्यापेक्षा रंगाचा कल बघावा. सागवान पिवळसर सोनेरी, शिसव काळपट जांभळट. फरक उघड आहे, म्हणून शोभतो. खटकतं ते जवळजवळ सारखं असलेलं, म्हणजे सागवानी दरवाजाशेजारी ‘टीक’ म्हणून विकलेलं लॅमिनेट. याचं कारण लेखात यायला हवं होतं. नुकतंच रंधा मारलेलं सागवान फिकं, कुठे कुठे हिरवट दिसतं आणि उजेडात हळूहळू सोनेरी तपकिरी होतं. पाइनही पिवळं पडत जातं. लॅमिनेटवर मात्र लाकडाचा छापील कागद असतो, तो तसा पिकत नाही. आज रंग कितीही जुळवा, काही वर्षांनी दोघांची तोंडं दोन दिशांना. त्यापेक्षा सरळ वेगळाच रंग घ्यावा.

सुतार ‘सगळ्याला एकच वॉलनट स्टेन (अक्रोडाच्या लाकडासारखा गडद तपकिरी रंग) मारू’ म्हणतात, त्यांना शिसवाला हात लावू देऊ नका. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातलं जुनं लाकूड एकदा बघून या, मग बोला. आणि नमुना दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली पसंत करू नये, घरी आणून रात्रीही बघावा.