'ओसरीचे चोचले' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. म्हाताऱ्यांच्या घरकुलाला ओसरी हवी, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "ओसरी म्हणजे शहरी लोकांचे चोचले. तेवढ्या पैशात एक खोली निघते. एसीत बसून गाव शिकवू नका." माझं आयुष्य वणीकडच्या काळ्या मातीत पाये खोदण्यात गेलं, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. पण विचारायला काय जात होतं?

आता खोलीचं. खोलीला चार भिंती, दार, खिडकी, वर स्लॅब. ६ बाय १६ फुटांच्या ओसरीला एक भिंत घराचीच. बाकी चार खांब आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. खर्च सारखा कसा येईल? घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम २६९ चौरस फूट, आणि वर स्लॅब. मे महिन्यात ४५ डिग्रीत स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. तेव्हा म्हातारा-म्हातारीनं झोपायचं कुठं? ओसरी पश्चिमेला घेऊन छपराची कड साडेसहा फुटांपर्यंत खाली आणली, तर दुपारचं बरंचसं ऊन भिंतीला लागतच नाही.

बसायचा ओटा १७-१८ इंच उंच ठेवा. फूटभर ओट्यावरून उठताना दुखऱ्या गुडघ्यांना हात टेकावे लागतात. जोतं दीड फूट असेल तर १ ला १२ उतारानं रॅम्प १८ फूट होतो. अंगणात तेवढी जागा नसेल तर ६ इंची पायऱ्या आणि दीड इंची पाइपाचा कठडा.

घोळ होतो तो ओसरीच्या पायाभरणीत. मिस्त्री घराचा पाया मुरूम लागेपर्यंत नेतात, ओसरीचा फूटभरावर सोडून देतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ओसरी हलते, फरशी भिंतीपासून सुटते, आणि नाव ओसरीचं खराब होतं! खांबांचे खड्डे घराच्या पायाइतकेच खोल घ्या. फरशीखालची काळी माती काढून मुरूम ६-६ इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसानं ठोकून बसवा. भिंतीशी अर्धा इंच सांधा सोडून त्यात डांबर भरा. पागोळ्यांचं पाणी जोत्यालगत पडू देऊ नका.

एक मात्र कबूल : वानरं कवेलू टिकू देत नाहीत. तिथं टिनाच (पत्रे) टाका, खाली बांबूचा तट्टा.

बाकी त्याच मजकुरात कमिशनबिमिशनचा जो आरोप केलात, त्याला उत्तर देत नाही. पुढच्या वेळी 'एक वऱ्हाडी' सोडून नावानिशी लिहा.